शाळेच्या परसातील तांबडा भोपळा आणि त्याचा जमाखर्च

बहुतेक खेड्यांतील प्राथमिक शाळांच्या आवारात, कुंपणाच्या कडेला किंवा पाण्याच्या टाकीमागे, अर्धा-पाऊण गुंठा जागा पडून असते. तेथे मुले खेळत नाहीत आणि कोणी काही लावीतही नाही. परसबागेसाठी तिचा विचार होतो तेव्हा मेथी, पालक, कोथिंबीर यांची नावे प्रथम पुढे येतात. या भाज्या लवकर येतात, मुलांना लवकर दिसतात, हे खरे. परंतु जोडउत्पन्नाचा पाठ म्हणून त्यांत एक मोठी उणीव आहे. पालेभाजी ज्या दिवशी उपटली त्याच दिवशी विकावी लागते. आठवडी बाजारात दिवस मावळू लागला म्हणजे राहिलेल्या जुड्या मिळेल त्या भावाने देऊन टाकणारी बाई प्रत्येक मुलाने पाहिलेली असते. तिच्याजवळ माल असतो, पण थांबण्याची सोय नसते.

तांबडा भोपळा थांबू शकतो. पुरता पिकलेला व देठासह काढलेला भोपळा कोरड्या, हवेशीर जागी तीन-चार महिने सहज टिकतो. म्हणून लागवडीपासून विक्रीपर्यंतची सारी निवड त्यात मुलांना करून पाहता येते : केव्हा काढावा, केव्हा विकावा, अखंड द्यावा की फोडी करून. निसर्ग-अभ्यासाचा पाठ त्याच्या फुलात आहे आणि गणिताचा पाठ त्याच्या विक्रीत आहे. प्रस्तुत लेखात या दोन्हींचा विचार केला असून दुसऱ्याकडे अधिक लक्ष दिले आहे, कारण परसबागेची टिपणे लिहिताना बहुधा तेथेच हात आखडता घेतला जातो.

प्रथम नावाविषयी. एकाच फळाला कोठे तांबडा किंवा लाल भोपळा, कोठे डांगर, कोठे गंगाफळ, तर कोठे काशीफळ म्हणतात. मुलांच्या घरी जे नाव असेल तेच वर्गात घ्यावे. पुस्तकी नाव मागून सांगता येते. दुध्या भोपळा हा मात्र नात्याने लांबचा. त्याचे फूल पांढरे असून संध्याकाळी उमलते. तांबड्याचे फूल पिवळे असून पहाटे उमलते. आपल्याकडे सामान्यतः लावला जाणारा तांबडा भोपळा वनस्पतिशास्त्रात कुकुर्बिटा मोशाटा या नावाने ओळखला जातो. तो मूळचा अमेरिका खंडातला. युरोपीय दर्यावर्दी त्या खंडापर्यंत पोहोचले, त्यानंतरच तो इकडे आला. भोपळ्यात बसून लेकीच्या घराहून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट ऐकत वाढलेल्या मुलांना हे ऐकून नवल वाटते. भूगोलाच्या तासाला नकाशावर ती वाट दाखविल्यास मिरची, बटाटा, भुईमूग आणि टोमॅटो हेही त्याच वाटेने आले, हे सांगावयाची आयती संधी मिळते.

लागवड

शाळेचे वर्ष आणि या पिकाचे वर्ष चांगले जुळते. जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्या पंधरवड्यात आळी तयार करावीत आणि पाऊस जमिनीत पुरता मुरला म्हणजे जूनअखेरीस किंवा जुलैच्या पहिल्या आठवड्यात बी टोकावे. पेरणीपासून फळ पिकेपर्यंत साधारणपणे ११० ते १२५ दिवस लागतात. म्हणजे ऑक्टोबरअखेर फळे हाती येऊ लागतात.

दोन ओळींत तीन मीटर व ओळीतील दोन आळ्यांत दोन मीटर अंतर ठेवावे. या मानाने १२ आळ्यांस ७२ चौरस मीटर, म्हणजे पाऊण गुंठ्याहून किंचित कमी जागा लागते. आळे अर्धा मीटर लांब-रुंद व तितकेच खोल खणून त्यात एक पाटी चांगले कुजलेले शेणखत आणि मूठ-दोन मुठी निंबोळी पेंड मातीत मिसळून भरावी. काळ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत आळे खोलगट न ठेवता मातीचा उंचवटा करावा. खोलगट आळ्यात श्रावणातले पाणी साचून वेलीचा बुंधा कुजतो. बी रात्रभर पाण्यात भिजवून प्रत्येक आळ्यात चार बिया अडीच-तीन सेंटीमीटर खोल लावाव्यात व पुढे दोन जोमदार रोपे ठेवून बाकीची काढावीत. रोपे काढताना मुलांचा जीव हळहळतो. चारही ठेवली तर काय होईल, हे पाहण्यासाठी एक आळे तसेच राखण्यास हरकत नाही. त्या आळ्यावर पाटी लावावी आणि त्याची नोंद वेगळी ठेवावी.

जातीची निवड करताना घरोघरी वापरले जाणारे मध्यम आकाराचे फळ डोळ्यांपुढे ठेवावे. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची 'अर्का चंदन' ही जात दोन ते तीन किलो वजनाची फळे देते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची 'पुसा विश्वास' थोडी मोठ्या फळांची आहे. गावातील एखाद्या घरी पिढ्यान्‌पिढ्या राखलेले गावरान बी मिळत असल्यास तेही काही आळ्यांत अवश्य लावावे. मोठे फळ दिसण्यास भव्य असले तरी आठ किलोचा भोपळा घेणारे गिऱ्हाईक लग्नकार्याखेरीज सहसा भेटत नाही.

फूल आणि शाळेची घंटा

तांबड्या भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि ऊन चढू लागले की मिटते. दहा-साडेदहाची घंटा होते तेव्हा पाठ देण्यासारखे त्यात काही उरलेले नसते. म्हणून ज्या शाळा शनिवारी सकाळी भरतात, त्यांनी हा पाठ शनिवारीच घ्यावा. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापासून त्याची तयारी ठेवावी.

वेलीवर प्रथम केवळ नरफुले येतात. ती उमलतात आणि गळतात. आठवडा-दीड आठवडा असेच चालते. या काळात पालक शाळेवरून जाताना 'वेल वांझ निघाली, उपटून टाका' असा सल्ला देऊन जातात, आणि काही ठिकाणी चांगल्या वेली खरोखरच उपटल्या जातात. ही समजूत दूर होणे अगत्याचे आहे. नरफुलाचा देठ लांब व बारीक असतो. मादीफुलाचा देठ आखूड असून पाकळ्यांच्या खाली लहानशा भोपळ्याच्या आकाराचा अंडाशय स्पष्ट दिसतो. पाठ्यपुस्तकांतून फुलाचे भाग शिकविण्यासाठी बहुधा जास्वंद घेतात. तिच्यात पुंकेसर व स्त्रीकेसर एकाच फुलात असल्यामुळे सर्वच फुले तशी असतात, असे मुलांच्या मनात बसते. भोपळ्याची वेल ही समजूत डोळ्यांदेखत मोडते.

पाचवीच्या वर्गासाठी एका नमुना पाठाचा काही भाग येथे दिला आहे.

गुरुजी : या वेलीवर आज किती फुले उमलली आहेत ?

मुले : नऊ, गुरुजी.

गुरुजी : नऊंचेही देठ बोटांनी चाचपून पाहा. सगळे सारखे आहेत काय ?

विद्यार्थिनी : नाही गुरुजी. आठांचे देठ लांब आहेत. या एकाचा आखूड आहे आणि त्याला खाली बारका भोपळा आहे.

गुरुजी : मग या फुलाचे फळ झाले म्हणावयाचे ना ?

विद्यार्थी : झालेच की गुरुजी, दिसतोच आहे भोपळा !

गुरुजी : ठीक. मग त्याला दुसरे काही लागणार नाही. असे ज्यांना वाटते त्यांनी हात वर करा.

येथे शिक्षकांनी बरोबर-चूक काही सांगू नये. किती हात वर झाले, ते फळ्यावर लिहून ठेवावे. त्यानंतर दुसऱ्या दिवशी उमलतील अशा दोन मादीकळ्या मुलांकडून शोधून घ्याव्यात; अशा कळीच्या टोकाशी आदल्या संध्याकाळी पिवळा रंग दिसू लागतो. हे काम शुक्रवारी शाळा सुटताना करता येते. दोन्ही कळ्यांवर पातळ कापडाची किंवा कागदाची पिशवी बांधावी. शनिवारी सकाळी त्यांपैकी एकीची पिशवी सोडून, ताजे नरफूल खुडून त्याच्या पाकळ्या काढून टाकाव्यात आणि उरलेल्या पुंकेसरांचा पिवळा पराग मादीफुलातील कुक्षीवर सर्व बाजूंनी अलगद टेकवावा. मग पिशवी पुन्हा बांधावी. दुसरीची पिशवी सोडूच नये. पुढच्या शनिवारी पाहिले असता दुसऱ्या फुलाखालचा बारका भोपळा पिवळा पडून सुकलेला वा गळालेला आढळतो आणि पहिला लिंबाएवढा किंवा त्याहून मोठा झालेला असतो. ज्यांनी हात वर केले होते, त्यांना मग काही सांगावे लागत नाही. परागीभवन हा शब्द या क्षणी फळ्यावर लिहावा, आधी नव्हे. पावसाच्या झडीने पहिले फूलही वाया गेले, तर तोच प्रयोग पुढच्या शनिवारी करावा.

भोपळ्याचा पराग जड व चिकट असतो. तो वाऱ्याने उडत नाही. मधमाशीनेच न्यावा लागतो. झडीच्या पावसात मधमाशी बाहेर पडत नाही आणि नेमकी फुलांची वेळ झडीच्या दिवसांतच येते. म्हणून शाळेजवळ राहणाऱ्या मुलांच्या पाळ्या लावून, महिनाभर रोज सकाळी पाव तास हाताने परागीभवन केल्यास फळांच्या संख्येत उघड फरक पडतो. एका वेलीवर दोन-तीन फळे चांगली धरली म्हणजे पुढची बारकी फळे बहुधा आपोआप गळतात. वेलीच्या अंगात जितके बळ, तितकीच फळे ती पोसते. नरफुले पुष्कळ असतात. त्यांतील काही खुडून भजी केल्यास पिकाचे नुकसान होत नाही. हे काम मात्र घरच्या वडीलधाऱ्यांकडे सोपवावे.

धरलेल्या फळांपैकी चार-पाच फळांना क्रमांक देऊन दर शनिवारी सुतळीने त्यांचा घेर मोजावा व आलेख काढावा. पहिले दोन-तीन आठवडे रेषा झपाट्याने चढते, नंतर ती जवळजवळ आडवी होते. घेर वाढावयाचा थांबला म्हणजे फळ तयार झाले, असे मुले म्हणतील. तेही खरे नाही. फळ त्यानंतरच आतून पिकू लागते. हाती आलेला आलेख नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे समजावयास याहून सोपे उदाहरण सापडणे कठीण.

कीड

याविषयी थोडेच सांगावयाचे आहे. कोवळी रोपे असताना तांबडे भुंगेरे पहिल्या दोन जाड पानांना भोके पाडतात. सकाळच्या गारव्यात ते सुस्त असतात. तेव्हाच वेचून साबणाच्या पाण्यात टाकावेत. फळ लिंबाएवढे असताना फळमाशी सालीखाली अंडी घालते व आतून अळ्या पडतात. अशी फळे उकिरड्यावर न टाकता हातभर खोल पुरावीत, एरव्ही तीच माशी पुन्हा उठते. क्यूल्यूरचे दोन सापळे एवढ्या जागेस पुरतात. भुरी रोगावर गंधकाची भुकटी मारण्याची पद्धत अन्य पिकांत असली तरी वेलवर्गीय पिकांची पाने तिने करपतात. शाळेच्या आवारात विषारी औषध फवारूच नये, आणि मुलांच्या हाती तर ते कदापि देऊ नये. ज्या मधमाशीवर पीक अवलंबून आहे, तीही त्याच फवाऱ्याने मरते.

तोडणी आणि सुटी

फळ पिकण्याची वेळ आणि दिवाळीची सुटी या बहुधा एकाच सुमारास येतात. सुटीपूर्वी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत राखणीची व्यवस्था ठरवून घ्यावी. ज्यांची घरे शाळेला लागून आहेत, अशा दोन-तीन पालकांवर ती सोपविणे बरे. सुटीच्या धास्तीने कच्ची फळे काढण्याचा मोह पुष्कळ शाळांना होतो. कच्चा भोपळा महिनाभरही टिकत नाही आणि मग मेथीच्या जुडीत व त्याच्यात काही अंतर उरत नाही.

पिकल्याची खूण अशी : सालीची तकाकी जाऊन ती निस्तेज, मातकट रंगाची होते, नख रोवले तर रुतत नाही, देठ वाळून बुचासारखा कडक होतो. फळ ओढून तोडू नये. विळ्याने चार-पाच सेंटीमीटर देठ राखून कापावे. विळ्याभोपळ्याचे सख्य प्रसिद्धच आहे, तरी येथे विळाच उपयोगी पडतो. ज्या फळाचा देठ निखळला ते आधी वापरावे, कारण त्याच तोंडाने कूज आत शिरते. उरलेली फळे आठवडाभर उबदार, कोरड्या व मोकळ्या हवेच्या जागी वाळू देऊन नंतर गवतावर एकमेकांस न टेकतील अशी मांडावीत. दर सोमवारी एका मुलाने ती उलटीपालटी करून पाहावी व डाग पडलेले फळ वेगळे करावे.

मध्यान्ह भोजनात, म्हणजे २०२१ पासून प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजना या नावाने चालणाऱ्या आहारात, हा भोपळा आमटीत वा खिचडीत घालता येतो. त्याच्या केशरी गरात शरीर ज्यापासून अ जीवनसत्त्व तयार करते ते द्रव्य भरपूर असते. शिजविण्यापूर्वी प्रत्येक फळाचा बारीक कपटा चाखून पाहावा. कडू लागल्यास ते फळ पूर्णपणे टाकून द्यावे, कारण असा कडूपणा विषारी असू शकतो. आहारासाठी जितके किलो दिले, तितक्यांची बाजारभावाने जमेच्या बाजूस नोंद करावी. पैसे हाती आले नाहीत म्हणून ते उत्पन्न नव्हे, असे नाही.

जमाखर्च

आता मुख्य भाग. पुढील आकडे केवळ नमुन्यादाखल घेतले आहेत. प्रत्येक शाळेने स्वतःचे आकडे घालावेत.

१२ आळ्यांतील २४ वेलींपैकी १८ टिकल्या, प्रत्येकी दोन फळे मिळाली आणि फळाचे सरासरी वजन तीन किलो भरले, असे समजू. एकूण १०८ किलो झाले. त्यांतून माशी लागलेली फळे वजा जाता १०० किलो उरले. खर्चाच्या बाजूस बी ६० रुपये, शेणखत १२ पाट्या १८० रुपये, निंबोळी पेंड १२० रुपये, सापळे १२० रुपये, सुतळी व गवत ४० रुपये, बाजारास नेण्याचे भाडे ८० रुपये. एकूण ६०० रुपये. शेणखत एखाद्या पालकाने फुकट दिले असले तरी त्याची किंमत मांडावी. ज्याच्या घरी गाय नाही, त्याला ते विकतच घ्यावे लागणार आहे.

विक्रीचे दोन मार्ग आहेत. व्यापारी अखंड फळे घेतो आणि पुष्कळदा वजन न करता ढिगाकडे पाहूनच उक्ती किंमत सांगतो. म्हणून ढीग बाजारात नेण्यापूर्वीच शाळेत वजन करून फळांवर खडूने लिहावे. दुसरा मार्ग म्हणजे फोडी करून किरकोळ विकणे. त्यात भाव अधिक मिळतो, पण वेळ मोडतो आणि काही भाग वाया जातो. अखंड फळास किलोमागे १० रुपये व फोडींस २० रुपये भाव धरू. ४० किलो अखंड दिले : ४०० रुपये. ६० किलोच्या फोडी केल्या, त्यात पाच किलो वाया गेले, ५५ किलो विकले : १,१०० रुपये. एकूण जमा १,५०० रुपये, खर्च ६०० रुपये, शिल्लक ९०० रुपये.

शाळांच्या नोंदवह्यांत हिशेब बहुधा येथे संपतो व त्याखाली 'निव्वळ नफा रुपये ९००' असे लिहिले जाते. हे वाक्य अपुरे आहे. कामाचे तास त्यात आलेले नाहीत. मुलांनी पहिल्या दिवसापासून ते लिहून ठेवले असतील तर ते साधारण असे येतील : आळी खणणे ८, पेरणी व विरळणी ३, खुरपणी १०, सकाळचे परागीभवन महिनाभर पाव तासाप्रमाणे साडेसात, कीड वेचणे साडेपाच, तोडणी व साठवण ३, बाजार ८, एकूण ४५ तास. ९०० रुपयांस ४५ ने भागले असता तासास २० रुपये पडतात. आठ तासांचा दिवस धरला तर १६० रुपये. गावात चालू असलेला शेतमजुरीचा रोज मुलांनीच घरी विचारून यावा आणि तो आकडा शेजारी लिहावा. तो याहून अधिकच भरेल.

ही तुलना लपवू नये. भोपळा तोट्याचा, असे तिच्यावरून ठरत नाही. ४५ तासांतील बरेचसे तास हे पाव-पाव तासांचे तुकडे आहेत, ज्यांबद्दल कोणी कोणास मजुरी देत नाही. जागाही दुसऱ्या कोणत्या उपयोगाची नव्हती. हे उत्पन्न जोडीचे आहे. घरच्या मिळकतीला ते लागून असते, तिच्या जागी ते बसत नाही. शिक्षकांनी पालकांना इतकेच सांगावे, याहून अधिक नाही.

अधिक सांगितले जाते ते असे. सातवीतील एखादा हुशार मुलगा ताबडतोब त्रैराशिक मांडतो : ७२ चौरस मीटरांत ९०० रुपये, तर एकरात किती ? एकर म्हणजे सुमारे ५६ पट. ५६ गुणिले ९०० म्हणजे ५०,४०० रुपये. गुणाकार अचूक असतो, शाबासकी मिळते, आकडा फळ्यावर राहतो आणि संध्याकाळपर्यंत घरोघरी पोहोचतो. शाळेच्या फळ्यावरील आकडा खेड्यात खरा मानला जातो. त्यावर विसंबून एखाद्या पालकाने भुईमुगाचे वावर मोडून भोपळा लावला, तर त्याच्या वर्षाची जबाबदारी कोणाची ?

म्हणून तो गुणाकार पुसू नये. त्याच्या शेजारी दुसरा मांडावा. पीक ५६ पट झाले, म्हणजे ५,६०० किलो. त्यातील ३,००० किलोंहून अधिक माल फोडी करून एका आठवडी बाजारात खपविणे शक्य आहे काय ? नसेल तर सर्व माल अखंड, १० रुपयांनीच द्यावा लागेल : ५६,००० रुपये. खर्चही ५६ पट : ३३,६०० रुपये. शिल्लक २२,४०० रुपये. कामाचे तास ५६ पट म्हणजे २,५२०, अर्थात आठ तासांचे ३१५ दिवस. दिवसास ७१ रुपये पडले. बाजारात बसण्याचे तास वगळले तरी ९० रुपयांच्या आतच. शिवाय इतका माल एकदम आला तर १० रुपयांचा भाव तरी टिकेल काय, हा प्रश्न उरतोच.

हा दुसरा गुणाकारही पुरता खरा नाही, हेही सांगणे प्राप्त आहे. एकरभर आळी कोणी कुदळीने खणीत नाही, तेथे नांगर येतो. बियाणे व खत घाऊक भावाने मिळते. माल मोठ्या बाजारपेठेत जातो. एकराचा हिशेब एकराच्या आकड्यांनी मुळापासून मांडावा लागतो, पाऊण गुंठ्याच्या आकड्यांनी तो येत नाही. भाव, वेळ आणि गिऱ्हाईक ही जागेच्या प्रमाणात वाढत नाहीत. बारा मजूर एक काम पाच दिवसांत करतात, तर साठ मजूर किती दिवसांत, या जातीची उदाहरणे सोडवून मुलांना त्रैराशिक पाठ होते. ते कोठे लागू पडत नाही, हे मात्र पुस्तकातील उदाहरणांतून क्वचितच कळते.

थांबण्याचीही किंमत मोजावी. ४० किलो आज १० रुपयांनी विकले तर ४०० रुपये. महिनाभर ठेवले तर वाळून चार किलो घटले व तीन किलोचे एक फळ नासले, असे समजू. उरले ३३ किलो. भाव १३ रुपये झाला तरी मिळतात ४२९ रुपये, म्हणजे महिन्याला २९ रुपये अधिक. भाव १२ राहिला तर ३९६ रुपये. चार रुपयांचा तोटा. माल ठेवण्यासारखा आहे म्हणून ठेवावाच, असे होत नाही. नवरात्रात पुष्कळ घरी उपवासाला तांबडा भोपळा चालतो आणि पितृपंधरवड्यातही त्याला मागणी येते. परंतु पावसाळी पीक तोवर पिकलेले नसते. त्यानंतरच्या कार्तिकी एकादशीस भाव चढतो किंवा नाही, हे मुलांनी दोन-तीन बाजारांत जाऊन विचारून लिहावे. ऐकीव भावावर हिशेब बांधू नये.

या संदर्भात एक जुना वाद आठवण्याजोगा आहे. १९३७ साली वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेत मूलोद्योगाच्या द्वारे शिक्षण ही कल्पना महात्मा गांधींनी मांडली व मुलांच्या उद्योगातून शाळेचा खर्च निघावा, अशी अपेक्षाही व्यक्त केली. पुढे डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ती योजना सविस्तर आखली; परंतु उत्पन्नाच्या बाजूवर भलता जोर दिला गेल्यास शिक्षणाचा हेतूच मागे पडेल, असा इशाराही तिने दिला. पाऊण गुंठ्याच्या परसबागेतही हाच धोका असतो. तालुक्याच्या तक्त्यात शाळेचा आकडा मोठा दिसावा म्हणून कामाचे तास गाळले गेले, तर भोपळे येतात, पाठ जातो.

शिल्लक रकमेचा विनियोग शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने करावा व जमाखर्चाचा कागद सर्वांना दिसेल असा दाराशी लावावा. मुलांनी काम शाळेच्या वेळेत आठवड्यास एखाद-दोन तासांहून अधिक करू नये, आणि सकाळच्या पाळीत एकाच मुलावर रोजचा भार पडू देऊ नये. बाजारात विक्रीस मोठ्या माणसांनी बसावे. मुलांनी वजन, भाव व नोंद पाहावी.

पुढील वर्षाच्या बियांसाठी, पिशवी बांधून हाताने परागीभवन केलेल्या फळांपैकी एक राखावे. उघड्या फुलातून धरलेल्या फळाचे बी शेजारच्या वेलीशी संकर पावलेले असू शकते, आणि संकरित वाणाचे बी तर राखण्यात अर्थच नसतो. राखलेले फळ काढल्यानंतर आणखी महिनाभर ठेवून मग फोडावे, बी धुऊन सावलीत वाळवावे व राखेत मिसळून डबीत भरावे. डबीवर जात, वर्ष आणि ते फूल ज्या शनिवारी बांधले होते, त्याची तारीख लिहावी. त्याच आळ्यांत पुढच्या वर्षी वेलवर्गीय पीक न घेता चवळी किंवा गवार लावावी आणि भोपळ्यासाठी कुंपणाची दुसरी बाजू निवडावी.